गुरुजींची एम.ए. आणि गावची शाळा

शेतकरी बंधूंनो, तुमच्या गावच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई सध्या एम.ए. (शिक्षणशास्त्र) करताहेत का, हे तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेक गावांत ठाऊक नसते. गुरुजी सांगत नाहीत, कारण सांगितले की पारावर लगेच प्रश्न निघतो, ‘मग शाळेत शिकवतात तरी कधी?’ आणि आपण विचारत नाही, कारण गुरुजींचे शिक्षण हा त्यांचा घरचा मामला असे आपण धरून चालतो. तो निव्वळ घरचा मामला नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. वाड्या-वस्त्यांवरच्या बहुतेक शाळा अशाच, दोनशिक्षकी. त्यातला एक जण परीक्षेला गेला की शाळा एकशिक्षकी होते आणि पाच वर्ग एका खोलीत येऊन बसतात. म्हणून या पदवीचा हिशोब गावानेही मांडला पाहिजे. गुरुजींच्या विरुद्ध म्हणून नव्हे, त्यांच्याबरोबर बसून.

नोकरी सांभाळून पदवी घेणे महाराष्ट्राला नवे नाही. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ मध्ये निघाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून बी.ए.ला बसता येऊ लागले. डी.एड. होऊन नोकरीला लागलेले कितीतरी गुरुजी याच वाटेने पदवीधर झाले. तालुक्याच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र, पिशवीत पुस्तके आणि एस.टी.ची वाट बघणे, असा तो मामला होता. गुरुजी एस.टी.त दिसायचे, म्हणून गावाला कळायचे तरी.

आता व्याख्यान मोबाइलवर येते, स्वाध्याय मोबाइलवरून जातो आणि गुरुजी गावातच असतात. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटते, काहीच खर्च नाही, काहीच त्रास नाही. इथेच आपली गफलत होते.

आधी एक फरक लक्षात घ्या. ‘दूरस्थ’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, विद्यापीठ अनुदान आयोग तसे वापरत नाही. दूरस्थ म्हणजे छापील पुस्तके, अभ्यासकेंद्र आणि ठरलेल्या केंद्रावर जाऊन परीक्षा. ऑनलाइन म्हणजे शिकवणे सगळे इंटरनेटवरून, आणि परीक्षाही देखरेखीखाली संगणकावर किंवा नेमून दिलेल्या ठिकाणी. आयोगाच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे, मान्यता असलेल्या विद्यापीठाची दोन्ही प्रकारची पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा एकदा स्पष्ट केले. तेव्हा ‘बाहेरून केलेली पदवी ती काय पदवी?’ असे म्हणणाऱ्याचे तोंड नियमानेच बंद केले आहे. अर्थात सगळेच विषय असे शिकवता येत नाहीत. शेतीच्या पदवीलाच दूरस्थ पद्धतीने मनाई आहे, हे शेतकरी वाचकांनी आपल्या मुलाबाळांसाठी ध्यानात ठेवावे.

तासांचा हिशोब

आता गुरुजींच्या वेळेचा हिशोब मांडू. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे काम आठवड्याला किमान ४५ तासांचे धरले आहे, त्यात पाठाची तयारीही आली. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला साधारण ८० श्रेयांक धरू. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास. वाचन, लेखन, स्वाध्याय, सगळे मिळून. ८० गुणिले ३० म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांचे आठवडे १०४. भागाकार केला की आठवड्याला २३ तास येतात. पंचेचाळीस आणि तेवीस मिळून अडुसष्ट. रविवारसुद्धा धरला तरी रोजचे जवळजवळ पावणेदहा तास, आणि दोन वर्षे एकही सुट्टी नाही.

रात्रीची लाइट आली की मोटार चालू करायला बांधावर जाणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. दोन-चार रात्री निभतात. दोन वर्षे निभवायची तर शरीर कुठेतरी वसूल करते.

आणि हे अडुसष्ट तास कागदावरचे. शाळा सुटल्यावर पोषण आहाराची माहिती भरायची, यू-डायसची माहिती भरायची, केंद्रप्रमुखांनी गटावर मागितलेले तक्ते ‘आज पाचपर्यंत’ पाठवायचे, हे ४५ तासांत मोजलेले नसते. ज्या गुरुजींची स्वतःची दोन-चार एकर शेती आहे त्यांची शेतीही यात नाही. आणि बाई असतील तर सकाळचा स्वयंपाक, संध्याकाळचा स्वयंपाक, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी यांची बेरीज कोणत्याच नियमावलीत नाही. त्यांचा अभ्यास घर झोपल्यावर सुरू होतो. एकाच अभ्यासक्रमाला बसलेले गुरुजी आणि बाई एकच पदवी घेतात, पण एकाच किमतीला घेत नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘बाई वर्गात दमलेल्या दिसतात’ अशी तक्रार करणारे पालक हा हिशोब करत नाहीत.

आता वेळापत्रक बघा. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. जून म्हणजे शाळा उघडायची वेळ, नवी पोरे दाखल करून घ्यायची, पुस्तके वाटायची, आणि शेत असेल त्याची पेरणी. डिसेंबर म्हणजे क्रीडा स्पर्धांची धावपळ आणि शिष्यवृत्तीला बसणाऱ्या पोरांची तयारी. एका विषयाच्या मूल्यमापनात ३० टक्के भाग स्वाध्यायांचा आणि ७० टक्के परीक्षेचा. स्वाध्यायाची शेवटची तारीख जवळ आली की वर्गात पोरांना ‘पाढे लिहा’ सांगून गुरुजी टेबलावर काय लिहीत असतात, हे पोरांना बरोबर कळते. सगळेच असे करतात असे मुळीच नाही. पण शाळा, अभ्यास आणि घर या तिघांच्या ओढाताणीत ज्याचा आवाज लहान तो मागे राहतो, आणि पहिली-दुसरीतल्या पोराचा आवाज सर्वांत लहान असतो.

यावर बाजाराने आपली युक्ती काढली आहे. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार स्वाध्याय मिळतात. आता तर मोबाइलला प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी यंत्रेही आली. २,४०० तासांचे काम २०० तासांत उरकते. पदवी मिळते, पण गुरुजींच्या डोक्यात आणि तुमच्या शाळेत काही येत नाही. हा तोटा विद्यापीठाला नाही, गुरुजींनाही फारसा नाही. तो तुमचा आहे.

पदवीने मिळते काय?

पारावर सर्वसाधारण समज असा, की एम.ए. झाले की गुरुजींचा पगार वाढतो. तसे नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला एम.ए. केले म्हणून आपोआप वेतनवाढ लागत नाही. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी अशी पद्धत आहे. त्यातल्या निवड श्रेणीला शैक्षणिक अर्हता वाढविण्याची अट असते, तिथे पदवीधर शिक्षकाला ही पदवी उपयोगी पडू शकते. पण कोणत्या पदासाठी कोणती पदवी ग्राह्य, हे प्रवेश घेण्याआधी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्यावे. तोंडी ‘चालतंय की’ नंतर उपयोगाचे नसते. केंद्रप्रमुखाच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवीची अट नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथे बऱ्याच जिल्ह्यांत मास्टर्स पदवी घेतली की शिक्षकाचा पगार वाढतो, त्यामुळे नोकरी करून ऑनलाइन पदवी घेण्याचा तिथे मोठा बाजारच उभा राहिला. पण शिक्षकाच्या या पदवीमुळे मुलांचे गुण वाढतात का, याचे तिथले बहुतेक अभ्यास ‘फारसे नाही’ असेच सांगतात. वर्गात शिकवतो त्याच विषयातली, विशेषतः गणितातली पदवी असेल तर काहीसा फायदा दिसतो. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०१३ मध्ये अशा पदवीवरचा जादा पगार नव्या शिक्षकांसाठी बंदच केला. आपल्याकडच्या जाहिराती मात्र तिकडचीच भाषा बोलतात. ‘करिअरला गती’ वगैरे. गती कुठे मिळणार, ते सांगत नाहीत.

एक घोळ वारंवार होतो, तो एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि एम.एड. यांचा. एम.ए. ही विषयाची पदवी. एम.एड. ही शिक्षक घडवणाऱ्यांची व्यावसायिक पदवी, आणि ती राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, ताब्यात आहे. परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत एम.एड. दोन वर्षांची, प्रत्यक्ष हजेरीची आहे. म्हणजे कोणी ‘घरबसल्या ऑनलाइन एम.एड.’ देतो म्हणाला तर तिथून उठून यावे. अध्यापक विद्यालयात किंवा डाएटमध्ये जायचे मनात असेल तर जाहिरातीत काय मागतात ते आधी बघावे, नाहीतर दोन वर्षे जाऊन हाती भलतीच पदवी यायची.

फसवणुकीचा धंदा तालुक्याच्या स्टँडसमोर चालतो. ‘सहा महिन्यांत पदवी’, ‘मागच्या वर्षाची तारीख टाकून देतो’, ‘परीक्षेला यायची गरज नाही’. यातले एक जरी वाक्य ऐकले तरी पैसे खिशातच ठेवा. नव्या धोरणात एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आहे, पण ती चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी. आपल्या बहुतेक गुरुजींची पदवी तीन वर्षांची, त्यांना दोन वर्षे लागणारच. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचाइझीवर चालवायला आयोगाने बंदी घातलेली आहे, त्यामुळे ‘आम्ही अमुक विद्यापीठाचे अधिकृत सेंटर’ असा बोर्ड लावून बसलेल्या एजंटावर विसंबू नये. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे, अभ्यासक्रमाचे आणि त्या सत्राचे नाव असते. तिन्ही जुळले पाहिजेत. नुसते विद्यापीठ खरे असून भागत नाही. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी-आयडी काढावा लागतो. तो न मागता कोणी प्रवेश देत असेल तर तो प्रवेशच नव्हे.

सगळ्यात आधी गळाला लागतो तो शिक्षणसेवक. २००० सालापासून ही पद्धत आली. पहिली तीन वर्षे मानधनावर. प्राथमिकला ते सहा हजार होते, २०२३ मध्ये सोळा हजार झाले. परजिल्ह्यातून आलेला पोरगा, खोलीचे भाडे, गावी पाठवायचे पैसे, आणि वरून एजंटाचे हप्ते. त्याने तीन वर्षे दम धरावा, कायम झाल्यावर नाव घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कायम शिक्षकांनीही रीतसर पूर्वपरवानगी घ्यावी. परवानगीशिवाय मिळवलेल्या पदवीची सेवापुस्तकात नोंद करून घेताना चपला झिजतात.

गावाच्या उपयोगाचे काय?

इतके सगळे वाचून तुम्ही म्हणाल, मग गुरुजींनी शिकूच नये का? शिकावे, जरूर शिकावे. या अभ्यासक्रमात शिक्षणाचे मानसशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे, मूल्यमापन आहे, आणि शेवटी संशोधन करून प्रबंधिका लिहायची असते. या संशोधनात गावाचा खरा फायदा दडलेला आहे, आणि बहुतेक वेळा तो वाया जातो. कारण विषय निवडला जातो तो पुस्तकातून उचललेला. ‘शिक्षकांच्या दृष्टिकोनाचा अभ्यास’ असे काहीतरी. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, बाइंडिंग करायचे, संपले.

त्याऐवजी गुरुजींनी आपल्याच हजेरीपटावर काम केले तर? बीडकडची, अहिल्यानगरची ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे निघतात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर परततात. त्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, शिक्षण हमी पत्रक आहे. ते पत्रक घेऊन गेलेली पोरे तिकडच्या शाळेत खरोखर बसली का? परत आली तेव्हा वाचनात किती मागे होती, आणि आजी-आजोबांजवळ मागे राहिलेली पोरे किती पुढे होती? हे सांगणारा कागद तुमच्या शाळेत असला तर शाळा व्यवस्थापन समिती वसतिगृहाची मागणी आकड्यांनिशी करू शकते. कापसाच्या पट्ट्यात वेचणी सुरू झाली की धाकट्या भावाला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. पाचवी ते सातवीतल्या मुलींचे ऑक्टोबर ते जानेवारीचे हजेरीचे आकडे जुलै-ऑगस्टच्या आकड्यांशेजारी मांडले तर गावालाच आपले तोंड आरशात दिसेल. आठवडी बाजाराच्या दिवशी किती पोरे नसतात? हातच्याची वजाबाकी तिसरीतल्या कोणाला अडते आणि नेमकी कुठे अडते? नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू बोलणारे पोर पहिलीत पुस्तकाची मराठी ऐकून गप्प बसते, ते तोंड कधी उघडते, कशाने उघडते?

असले प्रश्न घेतले तर गुरुजींचे २३ तास आणि शाळेचे ४५ तास एकमेकांच्या उरावर बसत नाहीत. अभ्यासासाठी केलेले काम वर्गातच होते आणि वर्गातले काम अभ्यासाला लागते. मार्गदर्शक प्राध्यापकांनाही असा विषय नको असतो असे नाही. मागणारा विद्यार्थी कमी. भाषेचाही विचार करावा. इग्नूचा हा एम.ए. हिंदी-इंग्रजीतून आहे, नाशिकच्या विद्यापीठात मराठीतून लिहिता येते. गावाने वाचावे अशी प्रबंधिका लिहायची तर ती मराठीतच हवी.

गावाकडून काय व्हावे? सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (म्हणजे कालपर्यंतच्या ग्रामसेवकांनी) एवढे बघावे, की शाळेची लाइट बिलापायी तुटलेली नाही आणि पंचायतीत आलेले इंटरनेट संध्याकाळी दोन तास शिक्षकांना वापरता येते. ऑप्टिकल फायबरची योजना २०११ मध्ये मंजूर झाली ती पंचायतीपर्यंत केबल नेण्यासाठीच. बऱ्याच ठिकाणी पेटी भिंतीला आहे आणि दिवा बंद आहे. तो लागला तर गुरुजींबरोबर गावातल्या कॉलेजच्या पोरांचीही सोय होईल. दुसरे, सर्वेक्षण, दिंडी, सप्ताह, पुढाऱ्यांचे स्वागत, कशालाही शिक्षकांना बोलावण्याची खोड मोडावी. कायद्याच्या कलम २७ मध्ये बिगरशैक्षणिक कामे तीनच सांगितली आहेत: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तिने वर्षाच्या सुरुवातीच्या बैठकीत गुरुजींना सरळ विचारावे, ‘गुरुजी, परीक्षा कधी?’ तारखा आधी कळल्या तर केंद्रप्रमुखांकडे त्या चार-सहा दिवसांसाठी शेजारच्या शाळेतला शिक्षक मागता येतो. ऐन वेळी मागून मिळत नाही. दोन्ही शिक्षक एकाच वर्षी एकाच परीक्षेला बसणार असतील तर एकाने वर्षभर थांबावे, हे समितीने गोडीगुलाबीने सांगावे. इग्नूत दोन वर्षांची पदवी पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत असते, तेव्हा थांबल्याने काही बुडत नाही. आणि गुरुजी अभ्यास करतात म्हणून त्यांना टोमणे मारणे बंद झाले, तर ते लपवणेही बंद होईल.

शेवटी एक निकड. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सांगितले, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावे. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना टीईटीशिवाय नोकरी करता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. एम.ए. असले तरी टीईटीतून सुटका नाही, ती वेगळीच परीक्षा. दोन वर्षे मोजली तर ऑगस्ट २०२७ अखेर होतो. त्याच काळात जनगणना आहे, तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. प्रगणक म्हणून घरोघर फिरणारे बहुतेक शिक्षकच असतात. २०२६ मध्ये एम.ए.ला नाव घालणाऱ्या गुरुजींच्या डोक्यावर शाळा, टीईटी, जनगणना आणि पदवी, चारही एकदम येतात. ज्यांची टीईटी बाकी आहे त्यांनी आधी ती उरकावी आणि एम.ए.चा अर्ज २०२७ नंतरच्या सत्रात भरावा. ज्यांची झाली आहे त्यांच्या परीक्षेच्या तारखा समितीने पुढच्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्याव्यात आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखांना पोहोचती करावी.